छत्रीचं बटण

हॅलो?… हॅलो, हो, मीच. पाळणाघराच्या फोनवर दुसरं कोण असणार?… अरे, जेवणं झाल्यापासून लावतेय. सख्ख्या बहिणीचा फोन, आणि तू कापतोयस… मीटिंग. बरं. तू मीटिंगमध्ये होतास आणि मी इथे पोरं सांभाळत लोळत पडले होते…

ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे, पोरांच्या वरून बोलावं लागतं… हं, ऐक. तू मला कॉम्प्युटरवर तो बोर्ड करून दिलायस ना, पोरांच्या बटणांचा… हो, दाराजवळच्या पडद्यावरचा. तो खोटं बोलतोय.

खोटं म्हणजे खोटं. पोरगी आत आहे आणि बटण म्हणतंय ती घरी गेली…

केला. बंद करून परत चालू केला. दोनदा केला… अरे बाबा, वायरी पण काढून लावल्या… कुठल्या म्हणजे, दिसल्या त्या सगळ्या… मग आधी सांगायचं होतंस, काढू नको म्हणून.

छत्रीचं. छत्रीचं बटण… खरं नाव कशाला हवंय तुला? तूच म्हणालास ना, पोरांना वाचता येत नाही, प्रत्येकाच्या बटणावर एक चित्र देऊ. झालं. आता इथे खरं नाव कोणाच्या लक्षात नाही. होडी, बदक, छत्री. चमच्याची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही, ते वेगळंच.

काय असायला हवं ते मला माहीत आहे रे. मूल आलं की आपलं बटण दाबतं, ते हिरवं होतं. घरी गेलं की राखाडी. ताप आला की लाल. एवढंच आहे ना? मग एवढंसं जमत नाही होय त्याला?… 'आत नसेल' म्हणजे? माझ्यापासून चार हातांवर बाकावर बसलीय ती. पायात बूट, पाठीला दप्तर. मी काय स्वप्न बघतेय?

आणि जेवली नाहीये ती… हो ना. सगळी पोरं जेवली आणि हिचं ताटच मांडलं नाही… बाईंनी. वाढणाऱ्या बाईंनी. त्या बोर्डावर बघून मांडतात, हिरवी बटणं जितकी तितकी ताटं… मीच सांगितलंय तसं. पोरं एका जागी बसतात का मोजायला? एक इकडे पळतं, एक टेबलाखाली. म्हटलं, बाई, डोकी मोजू नका, बटणं मोजा, बटणं पळत नाहीत… हसू नकोस. मी कुठे म्हणजे? मागच्या खोलीत. बदकाला उलटी झाली होती, त्याचे कपडे बदलत होते.

तेच तर. ती काही बोललीच नाही. ताट नाही म्हटल्यावर उठली, जाऊन बूट घातले, दप्तर घेतलं आणि बाकावर बसली. मी बाहेर येऊन विचारलं, का गं, जेवली नाहीस? तर म्हणते, माझं बटण विझलंय.

दिलं ना. लगेच ताट पुढे केलं. हात लावत नाही. बटण पेटलं की जेवीन म्हणते… हट्ट नाही रे हा. हट्ट बघण्यात माझं आयुष्य गेलं. हट्टी पोर रडतं, पाय आपटतं. ही नुसती बसलीय… तू समजाव मग. ये आणि चार वर्षांच्या पोरीला समजाव, की बाळ, यंत्रच आहे ते, मनावर घेऊ नकोस.

होडी, खुर्चीवरून उतर… तुला नाही, इथल्या होडीला.

आणि तुला अजून एक सांगायचंय. तिची आजी वारली मागच्या आठवड्यात… हो, त्याच. रोज न्यायला यायच्या त्या. चष्मा कपाळावर चढवलेला आणि शोधायच्या पिशवीत… हो, त्यांनीच तुझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली होती, तू कॉम्प्युटर बसवायला आलास तेव्हा. तुला पण इथलंच लेकरू समजल्या… हं. झोपेतच गेल्या म्हणे. त्यानंतर आज पहिल्यांदा आलीय पोरगी, आणि आजच तुझ्या बटणाला अवदसा आठवली.

काय?… म्हणजे बटणाचा दोष नाही… हं… बटणाला स्वतःचं डोकं नसतं… ते मागे साठवलेली माहिती बघतं आणि तसा रंग घेतं… माहिती अशी असेल तर हिरवं, तशी असेल तर राखाडी… कळलं. तुझ्या भावोजींसारखं. सकाळी माझं तोंड बघायचं आणि ठरवायचं, चहा मागायचा की पेपरात डोकं घालायचं.

उघडते तिचं पान, थांब… माऊस कुठे गेला… बदका, दे तो माऊस. गाडी नाहीये ती. जमिनीवर फिरवत नाहीत… हं, उघडलं. काय वाचू?… 'हजर', हो. 'ताप', नाही. 'घरी गेली', रिकामं आहे… मग हिरवं पाहिजे. मी वेगळं काय म्हणतेय मघापासून?

'शक्यच नाही' मला सांगू नकोस… फोटो काढून पाठवते, मग तरी विश्वास ठेव… गेला का?… बघ… बघितलास? आता काय म्हणणं आहे?… 'अरेच्चा.' वा. अरेच्चावर पोरगी जेवणार आहे का?

मग हातानं रंगव ना तिचं. एका बटणाला हिरवा रंग द्यायचा, विषय संपला… का नाही?… हातानं दिलेला रंग वरचढ ठरतो… हं… मग ते बटण माहितीकडे बघतच नाही… म्हणजे संध्याकाळी ती घरी गेली तरी हिरवंच? उद्या आली नाही तरी हिरवं?… नको, नको. एक जरी बटण हिरवं असलं तरी आम्ही दाराला कुलूप लावत नाही. बाई बसून राहतील बिचाऱ्या… आठवलं मला. बदकाच्या वाढदिवसाला तू हौसेनं त्याचं बटण पिवळं करून दिलं होतंस. ते पिवळंच राहिलं. पोर तापानं फणफणलं होतं आणि बटण वाढदिवस करत बसलं होतं… हो, तेच ते. नको मला तसलं.

मी?… मी काय करणार? मी हात लावला नाही कशाला… नाही म्हटलं ना… बाईंनी पण नाही. त्या लांबून मोजतात, जवळ जात नाहीत, शॉक बसेल म्हणून… तिच्या पानावर?… तिच्या पानावर कोण काय बदलणार…

हं.

ते होय… त्याला काय बदल म्हणतात का… अरे, एक नाव काढलं फक्त. सकाळी… 'न्यायला येणार' तिथलं. आजींचं… दुसरं नाव नव्हतंच तिथे. आई लांबच्या गावी नोकरीला, सुट्टी मिळाली की येते. वडील इथेच क्रेन चालवतात, त्यांची पाळी सारखी बदलते. रोज आजीच यायच्या, मग दुसरं नाव कशाला असेल?… कारण काय विचारतोस? पान उघडलं की त्यांचा फोटो समोर. तोच चष्मा कपाळावर. मला बघवेना, काढून टाकला… तुला विचारायचं काय त्यात? तू काय परवानगी देणारा लागून गेलास?

हॅलो?… आहेस का?… टाइप करतोयस. कर… हं… बोल… पुटपुटू नकोस, मोठ्यानं सांग… 'न्यायला येणारं कोणी नसेल…' हो… 'तर राखाडी'…

असं लिहिलंयस तू?

कोणी सांगितलं होतं तुला?… सुरुवातीला पोरांची नावं भरली नव्हती, रिकामी बटणं उगाच चमकत होती… मग ती विझवायला ही युक्ती… म्हणजे न्यायला कोणी नाही, तर मूलच नाही. किती सोपं… पण 'हजर' लिहिलंय त्याचं काय?… तो नियम वर आहे… हा खाली लिहिलाय… आणि दोघांचं पटलं नाही तर खालच्याचं चालतं. शेवटी जो बोलेल त्याचं खरं. आपल्या घरात पण हेच चालतं म्हणा, तुला काही वावगं वाटलं नसेल.

नाही, हसत नाहीये मी. मला एक सांग, न्यायला कोणी नाही म्हणजे मूल नाही, हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?… एक ओळ होती. हो, तुझ्यासाठी ओळच होती ती. इथे ती बूट घालून बाकावर बसलीय.

थांब. एक सांग. नाव काढलं की बटण कधी विझतं?… लगेच? म्हणजे त्याच क्षणी?…

अरे, ती माझ्या शेजारी उभी होती.

छत्री रे. त्यांच्या शेजारच्या बाई तिला सोडून गेल्या. तिनं येऊन बटण दाबलं, ते हिरवं झालं. रोज दाबून पळते ती. आज पळाली नाही, तिथेच उभी राहिली. दाबल्यावर पान उघडतं ना, त्यावर आजीचा फोटो आला, म्हणून बघत असणार. आणि मी तिच्या डोक्यावरून हात घालून तो फोटो काढला. तिच्या देखत. आणि बटण विझलं. मी मान वळवून बघितलं पण नाही. होडीच्या नाकाला रुमाल लावायला गेले…

नाही, ठीक आहे मी… ठीक आहे म्हटलं ना. जरा गप्प बस.

होडी, मावशी रडत नाहीये. डोळ्यात काहीतरी गेलंय. जा, खेळ… नको, फुंकर नको. जा.

हं. बोल… 'कोणाचं तरी नाव घाल.' कोणाचं घालू?… अरे, शेजारच्या बाईंना विचारलं मी सकाळी, तर म्हणाल्या, संध्याकाळी बघू कोण येतंय ते. वडिलांना लावला फोन, बंद आहे. क्रेनच्या केबिनमध्ये फोन चालत नाही त्यांना… माझं? माझं नाव घालायचं? ते नाही चालणार. मूल देणारी मी आणि नेणारीही मीच? हा नियम माझा आहे, आणि तो तुझ्यासारखा झोपेत लिहिलेला नाही… तुझं? तू येणार आहेस का न्यायला?… नाही ना? मग कशाला? ती विचारेल, कोण येणार मला न्यायला, तेव्हा मी काय सांगू? खोट्या नावावर पेटवलेलं बटण नकोय मला.

तुझा नियम बदल… आत्ता… घरी गेल्यावर जेवून-खाऊन नाही, आत्ता. पोरगी उपाशी आहे इथे… तिथून? तिथे बसून इथल्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येतं तुला?… मग मघापासून माझ्याशी डोकं कशाला लावत बसलास? शीर ना… आला, चौकोन आला. 'परवानगी द्या' वर दाबू?… दाबलं… अगंबाई. माऊस आपोआप फिरतोय… बदका, घाबरू नकोस. मामा आहे तो, लांबून फिरवतोय. हात हलव त्याला… हलवतोय तो. तुला दिसणार नाही, पण हलवतोय.

हं… काढ, काढून टाक तो नियम…

थांब. नुसता काढू नकोस. माझं ऐक. न्यायला कोणी नसेल, तर ते बटण विझवायचं नाही. मोठं करायचं… हो, मोठं. सगळ्यांपेक्षा मोठं. आणि नारिंगी, लांबून डोळ्यात भरेल असं… रंग बदलता येतो तर आकार बदलायला काय धाड भरलीय?… येतो ना? मग कर… बिघडू दे तुझी रांग. रांग बिघडली की कोणीतरी विचारेल, हे मधेच काय आलंय म्हणून. तेच हवंय मला. ज्याला न्यायला घरून कोणी येणार आहे त्याचं बटण लहान असलं तरी चालतं रे, त्याला बघणारं कोणीतरी आहे… हं… हो. आणि हा नियम सगळ्यात खाली लिही. शेवटचा शब्द ह्याचा राहू दे.

पण एक राहिलं. घरी गेल्यावर नाही हं मोठं करायचं. हजर असेल आणि न्यायला कोणी नसेल, दोन्ही असेल तेव्हा. नाहीतर रात्रभर पेटून राहील ते… बघ, मला पण जमायला लागलं. आणि ताप असला तर कडेला लाल रेघ दे, ताप लपायला नको… दे रे. बाई दिसेल त्या रंगाचं मोजतील, ते मी सांगते त्यांना. मूल आहे म्हणजे ताट आहे.

नाही, घाई करत नाही. लिही तू… तिकडे कोण बोलतंय मागे? तुझे साहेब?… सांग त्यांना, बहिणीच्या घरी आग लागलीय… बरं, नको सांगूस.

बंद झालं सगळं. काळं झालं… तूच केलंस ना? मी कशाला हात लावला नाही, आधीच सांगते… हं, आलं. होडी आली, बदक आलं, चमचा…

आई गं. केवढं केलंस…

नाही, नाही, बरोबर आहे. राहू दे. हात लावू नकोस आता.

छत्री, इकडे ये. ये ना, दप्तरासकट ये. हे बघ… कोणाची आहे ही?… हो, तुझीच. सगळ्यात मोठी… सरका रे सगळे, तिला बघू दे. चमच्या, ढकलायचं नाही.

बघतेय रे ती. तोंड उघडं ठेवून बघतेय… हो, हात लावला. काचेवरच लावला… बाई, ते ताट आणा जरा. गरम करायला नको, आहे तसंच आणा… काय गं? काय म्हणतेस?… मोठ्यानं बोल राणी… कोणाला?…

अरे, ती म्हणतेय, बाबांना रस्ता माहीत नाही… इथला. पाळणाघराचा. रोज आजी यायच्या, बाबा कधी आलेच नाहीत इथे… हो, म्हणूनच. बटण विझलेलं, त्यात ताटही नाही, म्हणजे निघायची वेळ झाली असं वाटलं तिला. मग बूट-बिट घालून तयार बसली. पण बाबांना रस्ता माहीत नाही, तर बोलायचं कोणाला आणि काय… जेवणाच्या वेळेपासून हे एकटीनं डोक्यात घेऊन बसली ती. आणि मी बाईंना विचारत होते, पोरगी रुसली का म्हणून.

येतील गं बाबा. मी सांगीन त्यांना रस्ता. मला सगळे रस्ते येतात… हो, तो कुत्र्याच्या घरावरून जाणारा पण… हं, काढ दप्तर. दे माझ्याकडे… बूट राहू देत, राहू देत. बूट घालून जेवलं तरी चालतं आज.

बसली… घेतला. पहिला घास घेतला… हो रे. दिसतंय मला, समोरच आहे… आभार कसले? तुझ्यामुळेच झालं सगळं… बरं, माझ्यामुळे पण. निम्मं-निम्मं वाटून घेऊ… नाही, रागावले नाही आता. मगाशी होते. संध्याकाळी परत होईन, तू तिकडे ये म्हणजे सांगते… ये ना, बऱ्याच दिवसांत जेवलो नाही एकत्र…

थांब, मध्येच दुसरा फोन येतोय. नुसता नंबर दिसतोय, नाव नाही… माहीत नाही. धर जरा… नको, धरू नकोस. ठेव, ठेव.

हॅलो?… हो, पाळणाघरच… हो, मीच मावशी… आहे. छान आहे, जेवतेय… हो, उशीर झाला जेवायला, त्याची मोठी गोष्ट आहे, आल्यावर सांगते… तुम्ही कुठे आहात?… पाळी अर्धी टाकून निघालात. बरं केलंत… चुकलात? असू दे, सगळेच चुकतात इथे पहिल्यांदा. समोर काय दिसतंय?… किल्ल्या करणारा. मग फार नाही चुकलात. त्याच्याकडे पाठ करा आणि सरळ चालत या… कुत्र्याचं घर लागलं? भुंकेल, काही करत नाही तो… हं… निळं फाटक. तिथेच थांबा.

छत्री, घास गिळ आधी. गिळलास? चल, स्टुलावर चढ, माझा हात धर… असं. खिडकीतून हात हलव.

आता वर बघा… अजून वर. पहिल्या मजल्यावर… दिसली?…

तुम्ही पण हलवा हात… बरं. सावकाश या.

फक्त एक करा, ठेवायच्या आधी तुमचं पूर्ण नाव सांगा मला… लिहावं लागतं इथे, 'न्यायला येणार' मध्ये. तिथे कोणी नाहीये सध्या… हं… हो… लिहिलं. नातं 'वडील' लिहिते…

छत्री, मागे बघ, बोर्डाकडे. तुझं बटण बघ… हो, लहान झालं. हिरवं झालं. सगळ्यांच्या एवढंच झालं… नाही गं, विझलं नाही. बाबा जिन्यात आहेत म्हणून झालं.

या, दार उघडंच आहे. ठेवते.